शाळेचे दार कोणासाठी?



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, की मुंबईच्या उपनगरांतल्या कॅथलिक हायस्कुलांशी आम्हां खेड्यातल्या माणसांचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली की आज डोळ्यांपुढे लोकलगाडी येते, उंच इमारती येतात, माणसांची दाटी येते. पण ही सगळी मुळात खेडी होती. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्याआधी येथे भातशेती होती, मिठागरे होती, ताडामाडाच्या वाड्या होत्या. पावसाळ्यात चिखल तुडवीत शाळेला जाणारी मुले होती. आपल्या गावातल्या मुलांपेक्षा ती वेगळी नव्हती.

या मुलांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती होती, कॅथलिक पंथाची होती, आणि मराठी बोलणारी होती. त्यांच्या समाजाला 'ईस्ट इंडियन' असे इंग्रजी नाव आहे. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती, आडनाव पोर्तुगीज, आणि घरची भाषा मराठी! ऐकताना नवल वाटते, नाही का? पण त्यांच्या घरी डोकावलात तर नवल उरत नाही. म्हातारी बाई लुगडे नेसलेली दिसेल. लग्नात 'उंबराचे पाणी' आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर निघालेल्या दिसतील. भात तयार झाले की नवी कणसे देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याचा 'आगेरा' सण दिसेल. कोळी, कुणबी, भंडारी, पाचकळशी अशा निरनिराळ्या जातींतली ही माणसे. पोर्तुगीजांच्या अमदानीत, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत, त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला. शेत बदलले नाही, भाषा बदलली नाही.

चकाला, मरोळ, आंबोली, गुंदवली, कोंडिविटा ही अंधेरीच्या आसपासची गावठाणे. तिकडे खाडीपलीकडे गोराई, मनोरी. इकडे कुर्ला, वाकोला, कलिना. या गावठाणांतल्या मुलांना हायस्कुलाने काय दिले, काय दिले नाही, आणि आज त्या हायस्कुलाच्या दारात कोण उभे आहे, हे मी तुम्हांला सांगणार आहे. ही एका समाजाची हकिकत आहे खरी. पण ती सांगता सांगता 'शाळा कोणाची?' हा तुमच्याआमच्या प्रत्येक गावचा प्रश्न पुढे येतो.

आधी थोडा मागचा इतिहास. साष्टी बेटावर पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर धर्मगुरू आले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत, ती पुष्कळांनी पाहिली असतील. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या शिवाच्या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या बाजूला मठ व विद्यालय बांधले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची मुले तेथे राहून शिकत. त्या इमारतीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. दुसऱ्यांचे देवस्थान घेऊन त्यावर विद्यालय उभे राहिले, हे सत्य आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच काळात वसईला येशूसंघाच्या म्हणजे जेसुइट धर्मगुरूंच्या शाळेत गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा शिकला. पुढे तो जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकी येथे त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली चर्चने त्याला संतपद दिले.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज राज्य गेले आणि त्याबरोबर परदेशी धर्मगुरूही गेले. देवळे राहिली, पण विद्यालये ओस पडली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे साष्टीतला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी हा शिक्षणाच्या बाबतीत जवळजवळ उघड्यावरच होता. प्रार्थना पाठ असे, गाणे येत असे. पण सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. आता सांगा, आपल्या गावच्या आजोबांची कथा याहून काही निराळी होती का?

मग १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पाठोपाठ पश्चिमेकडची गाडी आली. गाडीबरोबर नोकऱ्या आल्या: रेल्वेत, तारखात्यात, जकातीत, गोदीत. या नोकऱ्यांना लिहिता-वाचता येणारा माणूस लागे, आणि तेही इंग्रजीत. गोव्याहून आणि मंगळूरकडून शिकलेले ख्रिस्ती तरुण मुंबईत येऊ लागले. साष्टीतला मूळचा ख्रिस्ती मात्र मागे पडू लागला. त्याला सगळे 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हणत, त्यामुळे तो परक्या राज्याचा माणूस आहे असाही समज होई. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या मंडळींनी आपला संघ काढला आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या चाकरीची आठवण सरकारला करून द्यावी, हा त्यात हेतू होता. नाव घेतल्याने ओळख झाली. पण ओळखीने पोट भरत नाही. त्याला विद्या लागते.

ती विद्या देण्याचे काम कसे सुरू झाले पाहा. १८६३ साली वांद्र्याला येशूसंघाच्या धर्मगुरूंनी एतद्देशीय अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. मोठ्या घरच्या मुलांसाठी शाळा काढावी आणि मग उरल्यासुरल्या जागी गरीब घ्यावेत, असा तो क्रम नव्हता. आरंभच मुळी अनाथांपासून झाला. त्या आश्रमातूनच पुढे सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल उभे राहिले. हॉकीच्या खेळासाठी या शाळेचे नाव साऱ्या देशात ठाऊक आहे; पण तिचा पाया निराधार पोरांनी घातला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलींसाठीही वांद्र्याला धर्मभगिनींनी शाळा चालवली. हळूहळू एकेका चर्चच्या आवारात एकेक शाळा उभी राहिली आणि पुढे ती मॅट्रिकपर्यंत वाढली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना कैदेत घातले किंवा मायदेशी धाडले, तेव्हा त्यांची जागा घ्यायला स्पेनमधून धर्मगुरू आले. शाळा मात्र चालूच राहिल्या.

शिक्षणाने काय होऊ शकते याचे एक उदाहरण देतो. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली ईस्ट इंडियन घरात जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. ते पुण्यास शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे सहकारी म्हणून आणि होमरूल लीगचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. गिरणी कामगारांची बाजू घेऊन ते लढले. १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना 'काका' म्हणत. हा माणूस शिकला तो स्वतःपुरता शिकला नाही. शिक्षणाची खरी परीक्षा तीच असते.

आता एक गोष्ट मी विशेषेकरून शेतकरी बांधवांना सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतल्या या गावठाणांच्या जमिनी झपाट्याने गेल्या. १९४९ साली आरे दूधवसाहत आली. विमानतळ वाढला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मरोळच्या शेतांवर कारखाने आले. १९७३ साली अंधेरीला निर्यातीसाठी वेगळे औद्योगिक क्षेत्र झाले, त्याला लोक 'सीप्झ' म्हणतात. त्या क्षेत्राच्या आत आजही एका जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १५७९ साली बांधलेले हे चर्च १८४० साली साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी सोडले आणि ते मरोळला जाऊन राहिले. रोगाने एकदा गाव हलवले आणि विकासाने दुसऱ्यांदा शेत हलवले.

जमिनीचा मोबदला मिळाला. पण पैसा हा पाहुणा असतो, येतो तसा जातो. शेत गेले, नांगर माळ्यावर गेला, बैल विकले. मग त्या घरात उरले काय? मुलाच्या हातातला शाळेचा दाखला. ज्या घरातला मुलगा हायस्कूल पुरे करून बसला होता, त्याने कारखान्यात, बँकेत, विमानतळावर नोकरी धरली आणि घर सावरले. ज्या घरातला मुलगा आठवीतच शाळा सोडून बसला होता, तो आपल्याच बापाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या फाटकापाशी रोजंदारीसाठी उभा राहिला. श्रोतेहो, आज तुमच्या तालुक्यातून महामार्ग जात असेल, धरण होत असेल, औद्योगिक वसाहत येत असेल. मोबदल्याच्या रकमेची चौकशी तुम्ही करताच. ती करायलाच हवी. पण त्याच दिवशी घरातल्या मुलाची आणि मुलीची इयत्ता कितवी, हेही विचारा. जमीन एकदाच विकता येते. विद्या रोज वापरली तरी उरते.

आता भाषेच्या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न अवघड आहे आणि गुरुजनांनी तो नीट ऐकावा. गावठाणातले मूल घरी मराठी बोले आणि शाळेत इंग्रजी ऐके. पहिले एक-दोन वर्ष त्याला वर्गात काय चालले आहे तेच उमगत नसे. जी मुले तग धरून राहिली त्यांना इंग्रजीने नोकरी दिली. जी गळाली त्यांची नावे पटावरून गेली, आणि 'त्याला डोकेच नव्हते' असे म्हणून सगळे मोकळे झाले. डोके होते हो! भाषेचा पूल नव्हता.

या प्रश्नावर सरकारनेही एकदा हात घालून पाहिला. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला, की ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा वर्गातली मुले सोडून इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची संस्था न्यायालयात गेली. ती शाळा कॅथलिक नव्हती, अँग्लो-इंडियनांची होती. तिच्याबरोबर एक भारतीय ख्रिस्ती पालक आणि एक गुजराती पालकही दाद मागायला गेले. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून मुलाला दार बंद करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण मुलाच्या डोक्यात चाललेली भाषांची ओढाताण न्यायालयाच्या निकालाने कशी मिटणार? ती वर्गातच मिटवावी लागते.

ती मिटवण्याची एक रीत वसईकडे दिसते. वसई तालुक्यातल्या ख्रिस्ती समाजाने मराठी माध्यमाच्या शाळा चांगल्या चालवल्या. त्या मराठी मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक झाला. 'सुवार्ता' मासिकाचे त्यांनी अनेक वर्षे संपादन केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. ख्रिस्ती धर्माला मराठीचे वावडे नाही, हे तर त्याच्या चारशे वर्षे आधीच सिद्ध झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने गोव्यात राहून मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाला जी भाषा देवाविषयी बोलण्यास योग्य वाटली, ती आपल्या मुलाला गणित समजावण्यास अयोग्य कशी ठरेल?

याचा अर्थ इंग्रजी नको, असा नाही. उपनगरातल्या आईबापांनी इंग्रजी शाळा निवडली ती काही हौसेखातर नाही. फाटकाआड नोकरी होती आणि कुलपाची किल्ली इंग्रजी होती, एवढे ते ओळखून होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण किल्ली मिळवताना घर विसरावे लागले, नातवाला आजीची बोली कळेनाशी झाली, तर तो तोटा जमाखर्चात मांडलाच पाहिजे. उपनगरांतल्या काही कॅथलिक शाळांनी इंग्रजीच्या जोडीला मराठी माध्यमाचेही वर्ग चालवले. कामगारवस्तीतल्या मुलांना त्यांचा फार आधार झाला. अलीकडे मुंबईत मराठी वर्गांचा पट ओसरत चालला आहे, आणि त्याबरोबर हा आधारही आखूड होत आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा. शाळा नावारूपाला आली की तिच्या दाराशी मोटारी उभ्या राहतात. निकाल शंभर टक्के लागला की प्रवेशाला रांग लागते. रांग लागली की निवड आली, आणि निवड आली की गरिबाचे मूल मागे पडते. हे कोणी दुष्टपणाने करतो असे नाही. आपोआप होते. आणि आपोआप होते म्हणूनच त्यावर जास्त नजर ठेवावी लागते.

खुद्द येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी हे बोलून दाखवले. १९७३ साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेसुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे ते उभे राहिले. आम्ही तुम्हांला न्यायासाठी झटायला शिकवले का, असा प्रश्न त्यांनी मांडला आणि प्रामाणिकपणे सांगितले, की नाही, शिकवले नाही. शिकलेला माणूस दुसऱ्यांसाठी जगणारा झाला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. समोर बसलेली मंडळी सुखवस्तू होती. पुष्कळांना ते रुचले नाही. पण त्यानंतर जगभर या शाळांनी आपल्या पटाकडे पुन्हा एकदा पाहिले.

आपल्याकडे आता कायद्याचाही संबंध आला आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, असे त्यात आहे. पण घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिलेला आहे. त्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदान अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ साली अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका प्रकट केली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचवले.

न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या हक्काने ही सूट मिळाली तो हक्क समाजाला आहे, आणि समाजात गरीबही येतात. किंबहुना शाळा निघाली ती त्यांच्याचसाठी. कायदा 'घेतलेच पाहिजे' म्हणत नाही, तेव्हाच शाळेचे मन काय म्हणते ते कळते. आणि आज गरीब कोण? गावठाणातली काही घरे अजून तशीच आहेत. पण साकीनाक्याच्या, घाटकोपरच्या डोंगरावरच्या, मुलुंडच्या वस्त्यांतून आता कोकणातली, मराठवाड्यातली, उत्तरेकडची, दक्षिणेकडची माणसे राहतात. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नाहीत. कॅथलिक शाळांच्या पटावर आज अशी मुले मोठ्या संख्येने आहेत. एका समाजाला वर आणण्यासाठी उघडलेले दार आता दुसऱ्या गरजवंतांसाठी उघडे ठेवायचे आहे. १९५७ साली वांद्र्याच्या समुद्रकाठी अॅग्नेल आश्रम सुरू झाला. तेथे अनाथ मुलांना हातांचे कसब शिकवण्याचे काम झाले आणि त्यातून पुढे तांत्रिक शिक्षणाच्या मोठ्या संस्था वाढल्या. तेव्हा जुने व्रत सर्वस्वी विसरले गेले आहे असे म्हणता येणार नाही.

श्रोतेहो, जरा दूरदेशीही जाऊन येऊ. अमेरिकेत शिकागो शहरात पिल्सेन नावाची वस्ती आहे. मेक्सिकोतून पोटासाठी आलेली कुटुंबे तेथे राहत. घरी स्पॅनिश, बाहेर इंग्रजी. बाप मजूर, आई कामाला. मुले हायस्कूल अर्ध्यावर सोडणारी. आमच्या गावठाणाचीच ही अमेरिकन आवृत्ती म्हणा ना! तेथे जेसुइट धर्मगुरूंनी शाळा काढायचे ठरवले, तेव्हा आधी वस्तीतल्या लोकांनाच विचारले, की तुम्हांला काय हवे? १९९६ साली 'क्रिस्तो रे' नावाचे हायस्कूल सुरू झाले. तेथे इंग्रजीही शिकवत आणि स्पॅनिशलाही मान असे. फीचे काय? त्यावर त्यांनी तोड काढली. प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून पाच दिवस एखाद्या कचेरीत काम करतो. चौघे मिळून एका माणसाची जागा सांभाळतात. त्याचा पगार शाळेला मिळतो आणि त्यातून फीचा मोठा भाग भागतो. अशा शाळांची आता अमेरिकेत मोठी साखळी झाली आहे.

हे ऐकून आपल्याला कोणाची आठवण येते? कर्मवीर भाऊराव पाटलांची! १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल काढून शेतकऱ्यांच्या पोरांना वसतिगृहात ठेवून फुकट शिकवले. विद्यार्थ्यांनी खडी फोडली, शेती केली आणि शिकले. धर्म वेगळा, देश वेगळा, काळ वेगळा. पण विचार एकच. गरिबाला दान दिले तर तो वाकून घेतो. काम दिले तर ताठ मानेने शिकतो. अर्थात शिकागोची पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. बालकामगारांच्या बाबतीत आपला अनुभव कडू आहे आणि कायदेही आहेत. काम शिक्षणासाठी हवे, शिक्षण कामासाठी गहाण पडता कामा नये, एवढी मर्यादा सांभाळली पाहिजे.

आणखी एक हकिकत सांगतो. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशाची राजधानी काराकास. तेथील डोंगरावरच्या झोपडपट्टीत १९५५ साली फादर होसे मारिया व्हेलाझ यांना शाळा काढायची होती, पण जागा नव्हती. आब्राहाम रेयेस नावाचा एक गवंडी पुढे झाला. बायकोच्या साथीने त्याने कित्येक वर्षे खपून स्वतःच्या हातांनी घर बांधले होते. ते घर त्याने शाळेला दिले. शंभरएक मुले जमिनीवर बसून शिकू लागली. त्यातून 'फे इ आलेग्रिआ', म्हणजे 'श्रद्धा आणि आनंद', या नावाची चळवळ उभी राहिली आणि अनेक देशांत पसरली. आपल्या महाराष्ट्रातही शाळेसाठी वाडा देणारे, खळ्याची जागा देणारे, श्रमदानाने भिंती उभ्या करणारे गावकरी झालेच आहेत. गरिबांची शाळा गरिबांच्या हातभारावाचून उभी राहत नाही, आणि राहिली तरी टिकत नाही.

आता शेवटी गुरुजनांसाठी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. त्या कोणत्याही शाळेला लागू आहेत, मग ती मिशनची असो, जिल्हा परिषदेची असो की संस्थेची.

पहिली गोष्ट, गळतीची वही ठेवा. हजेरीपटावर आलेल्यांची नावे असतात. न आलेल्यांची वही वेगळी हवी. आठवीत कोण गेले, का गेले, आता काय करते, हे वर्षातून एकदा लिहून काढा. शाळा कोणासाठी आहे हे निकालापेक्षा ही वही जास्त खरे सांगेल.

दुसरी गोष्ट, मुलाची घरची बोली वर्गात येऊ द्या. ती कोळ्यांची असो, आगरी असो, अहिराणी असो, भिलोरी असो. आधी त्याचा शब्द घ्या, मग पुस्तकातला द्या, आणि मग इंग्रजीतला द्या. शब्दावर शब्द रचला की पूल होतो. हसून टाळले की दरी होते.

तिसरी गोष्ट, पालकांना त्यांच्या सवडीने बोलवा. कोळीण पहाटे बाजाराला जाते, शेतमजूर दिवस मावळल्यावर घरी येतो. सकाळी अकराची सभा ठेवली आणि 'पालकांना आस्थाच नाही' अशी तक्रार केली, तर ती तक्रार आपल्याच घड्याळाची आहे. संध्याकाळी बोलवा, नाहीतर आपणच वस्तीवर जा.

आणि चौथी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. शाळेचा सुवर्णमहोत्सव होतो, स्मरणिका निघते, जेवणावळी होतात. चांगले आहे. पण त्या दिवशी प्रत्येकाने एका मुलाची वह्या-पुस्तके, एका मुलीचा प्रवासखर्च अंगावर घेतला, तर तो महोत्सव आणखी शोभेल. आपण ज्या दारातून आत आलो, ते आपल्या मागून येणाऱ्यासाठी उघडे आहे ना, हे मागे वळून पाहणे हे माजी विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

साष्टीतल्या त्या गावठाणांची शेते परत येणार नाहीत. पण अनाथांसाठी उघडलेली शाळा अनाथांना विसरली नाही, तर ती जमिनीपेक्षाही मोठी ठेव ठरेल. तुमच्या गावच्या शाळेविषयीही मी हेच म्हणेन. तिची इमारत कोणी बांधली, पाटीवर नाव कोणाचे आहे, तिचा धर्म कोणता, हे सगळे खुशाल विचारा. पण त्याआधी गावातल्या सर्वांत शेवटच्या घरातले पोर आज शाळेत आले होते का, एवढे मात्र जरूर विचारा.